सातबाऱ्यावरची सदतीस नावं आणि ‘गणपतीक बसूया’

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी उत्तर कशाचं देतोय ते स्पष्ट राहील. कणकवली तालुक्यात तुमचं मूळ घर. पणजोबांच्या काळची दोनेक हेक्टर वरकस (म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन), थोडी भातजमीन, एक सामायिक घर. वरकसच्या सातबाऱ्यावर सदतीस नावं, त्यांतली निम्मी माणसं हयात नाहीत. गावात राहणारा चुलतभाऊ काजू लावू म्हणतो, तुम्ही ठाण्याहून पैसे घालायला तयार आहात, आणि वाटप व्हायला हवं हे झाडून सगळ्यांना मान्य आहे. तरी दर वर्षी ‘गणपतीक सगळे येतले, तेवा बसूया’ यापुढे बोलणं सरकत नाही. पाऊस आहे, जमीन आहे, कायदा आहे, दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे. मग सुटण्यासारखा आर्थिक प्रश्न आपला समाज हाती का घेत नाही? आळस, अडाणीपणा की राजकारण, असं तुम्ही विचारलंत. आणि शेवटी, कंटाळून, हिस्सा विकून मोकळं व्हावं का, असंही.

मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आता रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुटुंबांना आपसांत वाटप करून घ्यायला मदत करतो. तुमची तिन्ही कारणं मी आयुष्यभर ऐकत आलोय आणि तिन्ही मला अपुरी वाटतात. माझं म्हणणं असं की प्रश्न न सुटण्यातच बहुतेकांची सोय आहे, आणि ती सोय काल्पनिक नाही, अगदी खरी आहे. तिची किंमत मात्र दुसरंच कुणीतरी भरत असतं, आणि त्या माणसाला बैठकीत फारसं बोलू दिलं जात नाही. एवढं लक्षात आलं की ‘सगळ्यांना कळतंय तरी करत का नाहीत’ हे कोडं बरंचसं उलगडतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुमच्या जमिनीवर जुन्या कुळाचं नाव असेल, कुळकायद्याने मिळालेली आणि कलम ४३ ची, म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध घालणारी, शर्त असलेली जमीन असेल, मालकीबद्दलच वाद असेल, किंवा एखादी शाखा दोन पिढ्या बेपत्ता असेल, तर पुढचं सगळं जसंच्या तसं लागू पडणार नाही. हमरस्त्याकाठची जमीन आणि आतल्या वाडीतली डोंगरउताराची जमीन यांचं गणितही सारखं नसतं. मी गृहीत धरतोय की तुमच्याकडे भांडण नाही, फक्त वर्षानुवर्षांची टाळाटाळ आहे. कोकणात बहुतेक ठिकाणी चित्र हेच असतं.

आळसाचा मुद्दा लगेच निकालात काढू. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि ज्यांच्या नावावर स्वतंत्र सातबारा होता, किंवा ज्यांच्या भाऊबंदांनी संमतीपत्रं दिली, त्यांनी पुढच्या काही वर्षांत उघडे कातळ नि डोंगर आंबा-काजूने भरून टाकले. तीच माणसं, तोच पाऊस, तीच माती. ज्यांना संमती मिळाली नाही त्यांच्या जमिनी शेजारीच आजही करवंदीच्या जाळ्यांत आहेत. हापूसची कलमं दहा बाय दहा मीटरवर लावली तर हेक्टरी शंभर बसतात, आणि हाताशी पैसा यायला आठ-दहा वर्षं जातात. काजू लवकर, तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरायला लागतो, पण तोही एका हंगामाचा व्यवहार नाही. दहा वर्षांनी ज्या झाडाखालची जमीन कुणाच्या वाट्याला जाईल हे ठाऊक नाही, ते झाड कोण लावेल? भात मात्र सामायिकातही लावतात, कारण ते चार महिन्यांत घरात येतं. जमीन पडीक का, याचं निम्मं उत्तर या कालावधीत आहे.

अडाणीपणाचंही तसंच. कायदा लोकांना बऱ्यापैकी माहीत असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदार वाटप करून देऊ शकतात. सगळे राजी असतील तर मुद्रांक शुल्क शंभर रुपये, आणि २०२५ मध्ये शेतजमिनीच्या वाटपपत्राची नोंदणी फीसुद्धा माफ झाली. म्हणजे खर्चाची सबबही फारशी उरलेली नाही. आणि तरी अर्जांची रांग लागलेली नाही.

मग ही सोय कसली? त्यासाठी मुंबईकडे बघावं लागतं. कोकणातलं घर पिढ्यान्‌पिढ्या दोन पायांवर उभं आहे, एक गावात, एक लालबाग-परळला; आता परळच्या जागी नालासोपारा, दिवा, डोंबिवली म्हणा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि बरेच जण पुन्हा कधीच कामावर गेले नाहीत. त्यांतल्या कितीतरी जणांना गावच्या घरानं जेवू घातलं. मनीऑर्डर उलटी फिरली म्हणा ना. २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा तेच झालं. ज्यांनी वीस वर्षांत घरपट्टीचा रुपया भरला नव्हता त्यांनाही पडवीत जागा मिळाली, कारण ‘माझाही हिस्सा आहे’ हे कुणी नाकारू शकत नव्हतं. सामायिक सातबारा हा मुंबईत तळहातावर पोट असणाऱ्या माणसाचा विमा आहे. कागदावर वाटप झालं की त्याच्या वाट्याला कुठेतरी डोंगराच्या कुशीत तीन गुंठे येतात आणि घरावरचा हक्क पैशांत मिटवला जातो. न वाटलेल्या जमिनीत त्याचा हक्क लहान असतो, पण सगळीकडे असतो. तो ‘बघूया’ म्हणतो तेव्हा तो प्रश्न टाळत नसतो, विमा चालू ठेवत असतो.

तीन गुंठे मी उगाच नाही म्हटलं. दोन हेक्टर म्हणजे दोनशे आर, आणि एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा. पणजोबांना चार मुलगे, प्रत्येकाला चार वारस, त्यांना पुन्हा चार, असं धरलं तर तुमच्या पिढीला चौसष्टावा हिस्सा येतो, म्हणजे तीन आरच्या जरा वर. त्यावर तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा सांगतो की प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे ठरवून दिलेल्या किमान क्षेत्रापेक्षा, लहान तुकडा पडेल असं वाटप करू नका. ज्याला जमीन देता येणार नाही त्याला मोबदला द्या. मोबदला द्यायचा कुणी? गावात राहणाऱ्याने, ज्याच्याकडे पैसा नाही म्हणून तर तो काजू लावायला निघालाय. अशा वेळी कायदा आणि भावना दोघंही कुटुंबाच्या कानात एकच गोष्ट सांगतात: राहू दे.

आता या विम्याचा हप्ता कोण भरतं ते बघा. तुमचा गावातला चुलतभाऊ भरतो. त्याला कलम लावता येत नाही, कर्ज मिळत नाही, फळबाग योजनेच्या फाइलीला संमतीपत्रं जोडता येत नाहीत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, श्रीवर्धन-मुरुड भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि वाडी जपणारा गावात असला तरी सामायिक सातबाऱ्यामुळे भरपाईच्या कागदांना मुंबई-पुण्याच्या सह्या गोळा कराव्या लागल्या. दुसरा हप्ता बहिणी भरतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. पण वाटप झालंच नाही तर तो हक्क कधी हातात येतच नाही, आणि वाटपाची वेळ आलीच तर आधी त्यांच्यापुढे हक्कसोडपत्र येतं. पुष्कळ घरांत ‘वाटपाचा विषय नको’ याचा खरा अर्थ ‘बहिणींचा विषय नको’ असा असतो. हे कुणी तोंडाने म्हणत नाही. मी कागद लिहायला बसलो की दिसतं.

सामायिकपणाने माणसाच्या वागण्यात काय बदल होतो हे बघायचं तर हापूसच्या पाळीपेक्षा बोलका नमुना नाही. दोन भाऊ, एक बाग, एक वर्ष याचं, एक वर्ष त्याचं. ऐकायला न्याय्य. पण हापूस मुळातच वर्षाआड धरणारा. एका वर्षी भरघोस, दुसऱ्या वर्षी नाव सांगण्यापुरता. म्हणजे पहिल्या खेपेला ज्याच्या पाळीत भरीचं वर्ष आलं, त्याला ते पुढेही येत राहण्याची शक्यता जास्त. मग दुसरा भाऊ आपल्या वर्षी पीक यावं म्हणून जुलै-ऑगस्टात झाडाच्या बुंध्याशी पॅक्लोब्युट्राझोल घालतो, बागायतदार ज्याला कल्टार म्हणतात ते. औषध वाईट नाही. विद्यापीठाचीच शिफारस आहे, मापात घातलं आणि झाडाला खतपाणी नीट दिलं तर. पण खत घालायचं कुणी? शेणखताचा गुण पुढच्या वर्षी दिसतो आणि पुढचं वर्ष भावाचं. छाटणीचंही तेच, बांडगुळं काढायचंही तेच. दोघंही झाडाकडून घेतात, झाडाला कुणी देत नाही. काही वर्षांत बाग थकते, आणि दोघंही मनापासून सांगतात की हवामान बदललंय. हवामान बदललंय हे खरंच आहे, अवकाळी पावसाने मोहोर जातो हेही खरं. पण शेजारची एकाच्या मालकीची बाग त्याच हवामानात उभी असते.

यावर उपाय दोघांनाही माहीत असतो. झाडं मोजून निम्मी-निम्मी कायमची वाटून घ्यायची. एका दुपारचं काम. पण झाडं सारखी नसतात, वाटेकडची कलमं जास्त मोलाची, आणि निवड पहिल्यांदा कुणी करायची हा प्रश्न आला की दोघंही चहा मागवतात. पाळीत जे नुकसान होतं ते हळूहळू होतं, त्याचा दोष कुणाच्या माथी मारता येत नाही. वाटपात होणारं नुकसान मात्र एका दिवसात, सगळ्यांदेखत होतं, आणि तुझ्यामुळे झालं असं बोट दाखवता येतं. दोन्हीतलं पहिलं कितीतरी मोठं असलं तरी माणूस तेच पत्करतो.

आता थोडं तुमच्या घराबाहेर येतो, कारण तुम्ही प्रश्न समाजाबद्दल विचारला होता.

कोकणानं आर्थिक प्रश्न कधी हाती घेतलेच नाहीत असं नाही. खोतीविरुद्ध, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या जमीनदारीविरुद्ध, अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि १९३९ पर्यंत चालला. माणसांनी जमिनी पडीक ठेवल्या, उपासमार सोसली, पण हटली नाहीत. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं, आणि कुळांना मालक मानणारा कृषक दिन आला १ एप्रिल १९५७ ला. म्हणजे प्रश्न सरळ होता, उत्तर माहीत होतं, तरी एवढी वर्षं गेली. पण तिथे खोत समोर होता. कोण घेतं आणि कोण देतं हे अंगणातल्या धान्याच्या राशीवरून दिसत होतं. आजच्या सामायिक सातबाऱ्यात खोत नाही. प्रत्येक जण थोडा घेणारा आणि थोडा देणारा आहे. ज्याच्याविरुद्ध उठायचं तो आपलाच काका, ज्यानं गिरणी संपाच्या वर्षात वडिलांना सांभाळलं होतं. असल्या प्रश्नावर मोर्चा निघत नाही.

दुसरीकडे मासेमारी बघा. १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते आणि ती मोठ्या प्रमाणावर पाळली जाते. का? तारीख सगळ्यांना एक, समुद्र तसाही खवळलेला, नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवायची रीत आधीपासूनची, आणि कुणी मोडली तर बंदरातल्या प्रत्येकाला दिसतं. पहिला कोण, हा प्रश्नच नाही. त्याच समुद्रात एलईडी दिव्यांच्या झोतातली मासेमारी केंद्रानं २०१७ मध्ये बंद केली, पण ती तक्रार काही संपत नाही. रात्री, दूर पाण्यात, मी दिवे विझवले आणि शेजारच्यानं नाही विझवले तर माझा तोटा लगेच, आणि मासा वाचल्याचा फायदा सगळ्यांत वाटला जाणार. पापलेटला २०२३ मध्ये राज्य मासा केलं. हाताच्या पंज्याएवढं पापलेट अजून बाजारात येतं आणि आपण ते स्वस्त मिळालं म्हणून घेतो. मासेमार तेच, पाणी तेच. एकात मोडणारा दिसतो, दुसऱ्यात दिसत नाही, एवढ्यावर सगळं फिरतं.

आणि देवळाचा जीर्णोद्धार? ज्या भावकीला वाटपासाठी एक दुपार एकत्र बसता येत नाही, तीच भावकी मुंबई मंडळाच्या पावत्या फाडून दोन-चार वर्षांत देऊळ उभं करते, हिशेबासकट. तेव्हा आपल्याला एकत्र काम करता येत नाही हे म्हणणं मला मुळीच मान्य नाही. देवळात कुणाचा हिस्सा जात नाही, उलट दगडावर नाव येतं. पालखीचा मान कुणाचा हा वाद निघाला की तिथेही काम अडतं, कारण मग तोही हिश्शाचाच प्रश्न होतो.

राजकारणाबद्दल तुमचा अंदाज थोडा बरोबर, पण दिशा चुकीची. पुढारी हा प्रश्न दडपत नाहीत, त्यांना तो दिसण्याचं कारणच नसतं. पाखाडी (पायऱ्यांची वाट), साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), सभामंडप यांचं उद्घाटन करता येतं. सदतीस नावं कमी झाल्याचं उद्घाटन कसं करणार? शिवाय जमिनीचे बरेचसे मालक मतदानाला दुसऱ्या जिल्ह्यात. आणि माझ्या जुन्या खात्याचं सांगायचं तर, निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध अपील होतं, चौकशी लागते. ‘पक्षकारांनी दिवाणी न्यायालयात दाद मागावी’ असं लिहून फाइल बंद करणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. एखादा सहहिस्सेदार हरकतीचं पत्र टाकतो आणि सगळ्यांची सुटका होते. कायद्यानं वाट दिली आहे, पण त्या वाटेनं चालण्यात कुणाचंच हित बांधलेलं नाही.

इथवरचं थोडक्यात: न वाटलेली जमीन मुंबईकराला आधार देते, वडीलधाऱ्यांना वाईटपणापासून वाचवते, अधिकाऱ्याला अपिलापासून वाचवते. खर्च गावातल्या माणसावर, बहिणींवर आणि पुढच्या पिढीवर पडतो. म्हणून ‘लोकांना समजावून सांगायला हवं’ हा उपाय चालत नाही. त्यांना समजलेलं आहे.

मग कोंडी फुटते कधी? मी दोन प्रकारे फुटताना पाहिली. एक, टाळणंच महाग होतं तेव्हा. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी भूसंपादन झालं, मोबदल्याची रक्कम जाहीर झाली, आणि ज्या कुटुंबांत हिश्शांवर एकमत नव्हतं त्यांचे पैसे वाटणीच्या वादापायी दिवाणी न्यायालयाकडे गेले. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात तशी तरतूदच आहे. ते बघून शेजारच्या कुटुंबांनी महिनाभरात आपसांत लिहून दिलं. वर्षानुवर्षं ज्यांना वेळ नव्हता त्यांना रातोरात वेळ मिळाला. पण हा मार्ग चांगला नाही. पैसा दिसला की झोपलेले दावेही जागे होतात, आणि तेव्हाची वाटपं घाईची, कडवट असतात. जमिनीचा दलाल दारात आल्यावर होणारं वाटपही याच जातीचं.

दुसरा प्रकार संथ आहे, आणि मी तोच सुचवतो: आधी आधार शाबूत ठेवायचा, मग वाटप. तुमच्या कुटुंबात ज्याची भीती आहे त्या गोष्टींना पहिल्याच कागदात हमी द्या. घर, देवघर, विहीर, पाणंद आणि घराभोवतीचं परडं सामायिकच राहील, प्रत्येक शाखेला येऊन राहण्याचा हक्क राहील, असं लिहा. आमच्याकडे पुष्कळांना वाटतं की वाटप म्हणजे सगळ्याचं वाटप. तसं नाही. ज्या जमिनीवर झाड लावायचं आहे तेवढीच वाटा, बाकीची राहू द्या. ही हमी मिळाली की विरोधातला मोठा भाग आपोआप गळतो, कारण तो विरोध जमिनीसाठी नसतोच.

सुरुवात मात्र वाटपापासून करू नका. वारस नोंदींपासून करा. मयतांची नावं कमी होऊन जिवंत माणसांची लागली तर कुणाचंच काही जात नाही, उलट प्रत्येकाचं नाव येतं, बहिणींचंसुद्धा. ज्याचं नाव आजवर नव्हतं तो तुमच्या बाजूला येतो. अर्ज आता ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करता येतो. वेळ जातो तो मृत्यूचे दाखले जमवण्यात, कारण निम्मे मृत्यू मुंबई महापालिकेकडे नोंदलेले आणि नावांत एका अक्षराचा फरक. वंशावळ काढायला घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्येजवळ बसा. पुरुषांना दोन पिढ्या आठवतात, आत्याबाईंना चार, आणि कुणाचं लग्न कुठे झालं तेही.

मग मोजणी आणा. नकाशावर बोलणं आणि ‘त्या फणसापासून त्या व्हाळापर्यंत’ असं बोलणं यांत फरक पडतो. मोजणीत वहिवाट आणि कागद जुळत नाहीत असं निघालं तर घाबरू नका. शेजाऱ्याच्या नावावरची जमीन आपल्या ताब्यात आणि आपल्या नावावरची त्याच्या ताब्यात असा घोळ निघाला, तर तो अदलाबदलीनं मिटवण्यासाठी २०२३ मध्ये सलोखा योजना काढली होती, तिची सध्याची मुदत तहसीलला विचारा.

बैठक गणपतीत ठेवू नका. तेव्हा माणसं सणाला आलेली असतात, परतीचं तिकीट खिशात असतं, आणि बायका-मुलांसमोर कुणी कमीपणा घेत नाही. मे महिना बरा. आणि बैठकीला पूर्ण वाटपाचा आराखडा नेऊ नका; एकच मर्यादित ठराव न्या, की वरकसमधली अमुक एक हेक्टर चुलतभाऊ पंधरा वर्षं लागवडीला घेईल, साधारण दोनशे काजू लावेल, पाचव्या वर्षापासून उत्पन्नाचा ठरलेला वाटा हिश्शाप्रमाणे देईल, आणि मुदत संपल्यावर झाडांची किंमत धरूनच वाटप होईल. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. लावणाऱ्याला झाडाचे पैसे मिळण्याची खात्री नसेल तर ठरावातल्या बाकी सगळ्या अटी कागदावरच राहतील. असा करार लेखी आणि नोंदणीकृतच करा, तोंडी नको. आणि त्यात ‘यामुळे कुळहक्क निर्माण होणार नाही’ हे वकिलाकडून नीट लिहून घ्या, कारण १९५७ ची आठवण कोकणातल्या प्रत्येक घरात, मिळाल्याची किंवा गेल्याची, अजून ताजी आहे.

एक अप्रिय गोष्ट सांगतो. या सगळ्यात पहिला संशय तुमच्यावर येणार. पैसे घालायला तयार असलेला, ठाण्याला राहणारा, कागद मागणारा माणूस: ‘हेका जमीन विकूची आसतली.’ तो संशय भाषणानं जात नाही. तुमच्या शाखेनं काहीतरी आधी सोडावं लागेल, दिसेल असं. उदाहरणार्थ, रस्त्याकडची पट्टी आम्ही निवडणार नाही, निवड सगळ्यांत शेवटी करू. ज्याच्याकडे सोडण्यासारखं आहे त्यानं पहिलं पाऊल टाकलं की बाकीच्यांना मागे राहायला लाज वाटते. आमच्याकडे लाज अजून बऱ्यापैकी काम करते. आणि बोलणी चुलतभावाला करू द्या. तुम्ही मोजणीची फी भरा आणि गप्प बसा.

एवढं करूनही एखादी शाखा सही देणार नाही. तेव्हा सदतीसपैकी सदतीस सह्यांचा हट्ट सोडा. जे राजी आहेत त्यांनी आपापसांतला वहिवाटीचा करार करावा आणि जो राजी नाही त्याच्या हिश्शाएवढं क्षेत्र, चांगल्यातलं, नकाशावर वेगळं ठेवावं. कायद्यानं ते पक्कं वाटप नव्हे आणि तो उद्या कोर्टात जाऊ शकतो, हे सगळ्यांना सांगूनच करा. पण माझ्या पाहण्यात, हिस्सा बाजूला जपून ठेवलेला दिसला की कोर्टात जाणारे थोडेच.

आता विकण्याचं. अविभक्त हिस्सा विकता येतो, पण घेणाऱ्याला जमिनीचा तुकडा मिळत नाही, वाटप मागण्याचा हक्क मिळतो; आणि राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्यानं घेतला तर त्याला कुटुंबासोबत घरात ताबा मागता येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ तसं सांगतं. म्हणून बाहेरचा गिऱ्हाईक कवडीमोल भाव देतो किंवा भांडायच्या तयारीनंच येतो. तुमच्या वडिलांकडून तुमच्याबरोबर वारसा मिळालेल्यांना, म्हणजे आई आणि सख्ख्या भावंडांना, हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे आधी विचारावं लागेल. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हे शेतजमिनीलाही लागू असल्याचं स्पष्ट केलंय. चुलतभावाला तो कायदेशीर अग्रहक्क नाही, पण द्यायचाच असेल तर त्यालाच द्या, हप्त्यांनी का होईना. त्याच्याकडे दोन-तीन शाखांचे हिस्से आले की त्याला लागवडीपुरतं क्षेत्र जमतं आणि पुढचं वाटपही सोपं होतं. काही कुटुंबांत प्रश्न सुटला तो असाच, बैठकीविना.

पण त्याआधी एक तपासा. तुम्ही दोन उतारे पाठवलेत. वरकसवर सदतीस नावं आहेत. भातजमिनीच्या उताऱ्यावर मात्र तुमच्या आजोबांच्या थोरल्या भावाचं एकट्याचं नाव आहे आणि पुढे ‘ए. कु. मॅ.’ असं लिहिलंय, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्या सातबाऱ्यावर तुमची शाखा आज कुठेच नाही. थोरल्यांच्या मुलांनी फक्त आपलीच वारस नोंद केली तर पुढे तुम्हाला आपला हिस्सा सिद्ध करत बसावं लागेल. ज्या फेरफारानं, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीनं, ते नाव लागलं त्याचा क्रमांक उताऱ्यावर गोलात दिलेला असतो. त्याची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून या महिन्यातच काढा. काजूचं नंतर बघू.